दारू सोडणाऱ्याला सोबत हवी

विहारात वंदना सुरू असते. त्रिसरण होते, पंचशील सुरू होते. पाचव्या शीलापाशी आले की मागच्या रांगेतल्या एखाद्याचा आवाज बारीक होतो. काही जण तर आतच येत नाहीत. बाहेर चपलांपाशी उभे राहतात आणि वंदना संपली की निघून जातात. आम्ही हे पाहतो, तुम्हीही पाहता. त्या माणसाला धम्म नको असतो असे नाही. त्याला लाज वाटत असते. रात्री प्यायलेल्या तोंडाने सकाळी शील कसे म्हणायचे, हा त्याचा प्रश्न असतो.

या वेळचे आरोग्याचे पान त्या माणसासाठी आणि त्याच्या घरातल्या आई, बायको, मुलांसाठी आहे. दारू वाईट हे आपल्या घरात कोणाला नव्याने सांगायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. लहान मुलांनाही ती पाठ असते. पण प्रतिज्ञा पाठ असूनही ज्याची दारू सुटत नाही त्याने काय करायचे? आष्टीसारख्या तालुक्याच्या गावात राहून जायचे कुठे, विचारायचे कोणाला? त्याचेच उत्तर आम्ही इथे देत आहोत.

दारूबंदीच्या जिल्ह्यातला पिणारा

सेवाग्राममुळे वर्धा हा गांधीजींचा जिल्हा म्हणून ओळखला जातो आणि सत्तरच्या दशकापासून इथे दारूबंदी आहे. तरी दारू मिळते, हे आष्टी, तळेगाव, आर्वी, कारंजा भागात राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. मोहाची मिळते, गुळाची हातभट्टी मिळते, शेजारच्या जिल्ह्यातून लपवून आणलेली देशी मिळते. संत्रा तोडणीचा, कापूस वेचणीचा पैसा हातात आला की विकणारा वस्तीच्या तोंडाशी उभाच असतो.

बंदीच्या जिल्ह्यात पिणाऱ्याची एक वेगळी अडचण होते. तो चोरून पितो, म्हणून चोरूनच आजारी पडतो. दवाखान्यात गेलो तर पोलीस केस होईल, नाव पेपरात येईल, अशी त्याला भीती असते. ही भीती मनातून काढून टाका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे दारूच्या व्यसनातून होणारा त्रास हा मानसिक आजारात धरला जातो. अशा रुग्णाला उपचाराचा हक्क आहे आणि त्याची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे कायदेशीर कर्तव्य आहे. डॉक्टरांना खरे सांगा. किती पितो, काय पितो, किती वर्षांपासून पितो, शेवटचे कधी प्यायलो, हे सगळे सांगा. त्यावरच औषध ठरते.

हातभट्टीबद्दल एक इशारा. तिच्यात काय मिसळले आहे हे पिणाऱ्याला कधीच कळत नाही. मिथेनॉल नावाचे विषारी द्रव्य त्यात असले तर आधी नशा चढते आणि काही तासांनी पोटात दुखणे, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, धाप हे सुरू होते. पिणाऱ्याला नीट दिसेनासे झाले तर झोपवून ठेवू नका. लगेच १०८ला फोन करा. उशीर झाला तर डोळे जातात, जीवही जातो.

सवय की आजार?

"मनात आणलं तर सोडू शकते, पण मनातच आणत नाही," असे आपल्या घरोघरी म्हटले जाते. त्यात अर्धेच खरे आहे. रोज आणि बराच काळ पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची गरज लागू लागते. मग तो मजेसाठी पीत नाही, थरथर थांबावी म्हणून पितो. सकाळी हात कापतात, घाम येतो, जीव घाबरतो आणि एक घोट पोटात गेला की बरे वाटते. इथवर आलेला माणूस फक्त शिव्या आणि शपथांनी बाहेर येत नाही.

आपले कुठवर आले आहे हे पाहायला चार प्रश्न स्वतःला विचारा. दारू कमी करावी असे कधी वाटले का? कोणी पिण्याबद्दल बोलले की राग येतो का? प्यायल्याबद्दल नंतर अपराधी वाटते का? सकाळी उठल्याबरोबर प्यावी लागते का? चारपैकी दोनांचे उत्तर "हो" असेल तर डॉक्टरांशी बोलायची वेळ आली आहे. शेवटच्या एकाच प्रश्नाचे उत्तर "हो" असेल तरी थांबू नका.

हा आजार फक्त आपल्या वस्त्यांचा आहे, असे बोलणारे भेटतात. ते खोटे आहे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेले देशभराचे सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना मदतीची गरज आहे. हे लोक सगळ्या जातींचे, सगळ्या धर्मांचे आहेत. बंगल्यात पिणाऱ्याचे झाकले जाते आणि वस्तीत पिणाऱ्याचे रस्त्यावर येते, एवढाच फरक आहे. त्याच सर्वेक्षणातली दुसरी गोष्ट जास्त विचार करायला लावणारी आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळाले होते. बाकीचे ३७ आपापल्या घरात एकटेच झगडत होते.

आधी डॉक्टर, मग गट

गटाची माहिती देण्याआधी एक गोष्ट ठळकपणे सांगतो, कारण तिच्यावर जीव अवलंबून आहे. जो रोज भरपूर पितो, सकाळपासून पितो, त्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. घरच्यांनीही त्याला खोलीत कोंडून किंवा बांधून ठेवून दारू सोडवण्याचा प्रयत्न करू नये.

दारू थांबल्यावर पहिल्या सहा तासांपासून दिवसभरात थरथर, घाम, उलट्या, झोप न येणे हे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींचे भान हरपते. नसलेली माणसे दिसतात, किडे अंगावर चढताहेत असे वाटते, ताप येतो, माणूस ओरडतो, पळतो. आपल्याकडे अशा वेळी "बाहेरचं लागलं" म्हणून लिंबू उतरवतात, मांत्रिकाला बोलावतात. बंधूंनो, भगिनींनो, ही भूतबाधा नाही. दारू अचानक तुटल्याने मेंदूचा उडालेला गोंधळ आहे. त्यात माणूस दगावू शकतो. वेळेवर दवाखान्यात नेले तर औषधाने तो बरा होतो.

दवाखान्यात थरथर आणि फिट रोखणारी औषधे काही दिवस देतात आणि हळूहळू कमी करतात. ब-१ जीवनसत्त्व म्हणजे थायमिन देतात, कारण दारूने ते शरीरातून कमी झालेले असते. ते न मिळाल्यास स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. पुढे दारूची ओढ कमी करणारी औषधेही असतात. हा टप्पा साधारण आठवडा-दहा दिवसांचा असतो. त्यानंतर शरीर स्वच्छ होते, पण मन अजून तिथेच असते. घरी परतल्यावर तीच गल्ली, तेच मित्र, तेच रिकामे संध्याकाळचे सात वाजतात. खरी लढाई इथे सुरू होते आणि इथेच आधारगट लागतो.

गट म्हणजे काय?

१९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात दारूच्या आहारी गेलेले दोघे एकमेकांना भेटले. एक शेअर बाजारातला दलाल होता, दुसरा शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. दोघांच्या लक्षात आले की, एकट्याने केलेला निश्चय टिकत नाही. पण आपल्यासारख्याच दुसऱ्याशी मनापासून बोलले की त्या दिवसापुरते पिणे टळते. त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' म्हणजे 'एए' ही चळवळ उभी राहिली. भारतात ती १९५७ पासून आहे आणि महाराष्ट्रात तिच्या सभा मराठीत चालतात.

सभा साधारण तास-दीड तासाची असते. एखाद्या शाळेच्या खोलीत, सभागृहात, दवाखान्याच्या आवारात दहा-पंधरा जण बसतात. एक जण उठून आपले नाव सांगतो, मी दारूडा आहे असे म्हणतो आणि आपली कथा सांगतो. कसा प्यायला लागलो, काय गमावले, आज किती दिवस झाले. बाकीचे ऐकतात. मध्ये कोणी बोलत नाही, उपदेश करत नाही, हसत नाही. शेवटी चहा होतो. फी नसते. एक डबा फिरतो, त्यात इच्छा असेल तर पाच-दहा रुपये टाकायचे, नसतील तर नाही. सभासद होण्याची एकच अट आहे : दारू सोडण्याची इच्छा.

आपल्या वाचकांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. तिथे फक्त पहिले नाव सांगतात. आडनाव विचारायची पद्धत नाही. आडनावावरून माणूस मोजणाऱ्या या समाजात ही लहान गोष्ट नाही. तुम्ही कोणत्या वस्तीतून आलात हे विचारायला तिथे कोणी बसलेले नसते, आणि तिथे जे बोलले जाते ते बाहेर न्यायचे नाही असा नियम असतो.

याने खरेच फरक पडतो का? २०२० साली कॉक्रेन या जगभर मान्य असलेल्या संस्थेने एए आणि त्या पद्धतीच्या उपचारांवरच्या २७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात १०,५६५ लोकांची माहिती होती. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ही पद्धत इतर मान्य मानसोपचार पद्धतींइतकी, आणि काही बाबतींत त्यांच्याहून अधिक, उपयोगी ठरल्याचे दिसले. एरवी मानसोपचाराला पैसे लागतात. इथे बसायला काही लागत नाही.

तिथे देवाचे नाव घेतात, त्याचे काय?

हा प्रश्न आपल्या घरांत हमखास येतो आणि तो रास्त आहे. एएच्या बारा पायऱ्यांत परमेश्वराचा, आपल्याहून मोठ्या शक्तीचा उल्लेख आहे. सभेच्या शेवटी एक प्रार्थनाही म्हणतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने तिथे बसावे का?

आमचे मत स्पष्ट आहे. बसावे. त्या पायऱ्यांतच 'आपल्याला जसा समजला तसा' अशी मोकळीक ठेवलेली आहे. देव न मानणारे अनेक जण जगभर एएमध्ये आहेत. ते त्या मोठ्या शक्तीच्या जागी गटालाच मानतात, कारण एकट्यापेक्षा गट मोठा असतोच. आपण त्या जागी धम्म ठेवू शकतो, संघ ठेवू शकतो. प्रार्थनेच्या वेळी शांत उभे राहिले तरी कोणी काही म्हणत नाही. एए कोणत्याही धर्माशी, पंथाशी किंवा पक्षाशी बांधलेली नाही. मात्र एखाद्या ठिकाणी पूजा करायला, अंगारा लावायला, एखाद्या बाबाच्या पाया पडायला सांगितले तर नम्रपणे नाही म्हणा आणि दुसरा गट पाहा. ती एएची रीत नव्हे.

आणि जरा विचार केला तर गटाची कल्पना आपल्याला परकी नाही. कल्याणमित्र म्हणजे धम्मजीवनाचा अर्धा भाग, असे आनंद म्हणाले तेव्हा बुद्धांनी त्यांना दुरुस्त केले होते : अर्धा नव्हे, सगळाच. एकमेकांना सावरणारे मित्र म्हणजे कल्याणमित्र. अमेरिकेत २०१९ पासून 'रिकव्हरी धर्म' नावाने व्यसनमुक्तांचे असे गट चालतात, ज्यांचा पाया चार आर्यसत्ये आणि अष्टांगिक मार्ग हाच आहे. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते थांबवता येते, त्याला मार्ग आहे. व्यसनी माणसाला यापेक्षा ओळखीचे दुसरे काय असणार?

आष्टीहून शोध कसा घ्यायचा?

तालुक्याच्या गावात रोजची सभा भरतेच असे नाही. म्हणून शोध पायरीपायरीने घ्यावा.

पहिली पायरी फोनची. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत मदतवाहिनी १४४४६ आहे. कोणत्या जिल्ह्यात कोणते केंद्र आहे ते तिथे सांगतात, समुपदेशनही करतात. मन घाबरले, झोप उडाली, जगणे नको झाले तर मानसिक आरोग्याची 'टेली-मानस' सेवा १४४१६ वर दिवसरात्र मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. दोन्ही क्रमांक सारखेच दिसतात, म्हणून दाराच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. फोन रुग्णानेच करायला हवा असे नाही. बायको करू शकते, कॉलेजात जाणारी मुलगी करू शकते.

दुसरी पायरी सरकारी दवाखान्याची. आष्टीच्या दवाखान्यात किंवा आर्वीच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन सरळ सांगा की दारू सोडायची आहे. लाज वाटत असेल तर आशाताईला सोबत घ्या. तिथून वर्ध्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात पाठवायला सांगा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सरकारी आहे. वर्ध्याजवळ सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे)चे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत आणि दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. ज्यांना तळेगावहून अमरावतीची गाडी सोयीची पडते त्यांनी तिथल्या इर्विन म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालयात जावे. जाताना आधार कार्ड, रेशन कार्ड आणि आधीचे कागद सोबत ठेवा.

तिसरी पायरी गटाची. मानसोपचार विभागातल्या डॉक्टरांना आणि समाजसेवा अधीक्षकांना दोन प्रश्न विचारा : "एएची मराठी सभा जवळ कुठे भरते? किती वाजता?" त्यांच्याकडे व्यसनमुक्त झालेल्यांचे येणे-जाणे असते, म्हणून ही माहिती तिथे सर्वांत लवकर मिळते. नागपूर-अमरावतीसारख्या शहरांत कामाला किंवा नातेवाइकांकडे जाणे होत असेल तर तिथली सभाही गाठा. पहिल्यांदा जाताना 'खुली सभा' कोणती ते विचारा. खुल्या सभेला घरच्यांनाही बसता येते. बंद सभा फक्त पिणाऱ्यांसाठी असते.

चौथी पायरी मोबाइलची. करोनाच्या काळापासून अनेक सभा मोबाइलवरही होतात. आठवड्यातून एकदा वर्ध्याला किंवा अमरावतीला प्रत्यक्ष जायचे आणि उरलेल्या दिवशी संध्याकाळी मोबाइलवर बसायचे, असे केले तर भाडेही वाचते आणि खाडाही पडत नाही. एका सभेवरून ठरवू नका. निदान सहा सभा बसून पाहा. मन लागले नाही तर गट बदला, सोडण्याचा विचार बदलू नका.

भाड्याचा हिशेब आमच्यापुढे मांडला जातो. तो आपण मांडूच. रोज शंभर रुपयांची दारू म्हणजे वर्षाचे ३६,५०० रुपये. आठवड्यातून एक एसटीचे भाडे त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

फसवणुकीपासून सावध

"आठ दिवसांत दारू बंद, रुग्णाच्या नकळत" अशा जाहिराती भिंतींवर दिसतात. भाजीत, चहात मिसळायची पावडर विकतात. त्या पावडरीत काय असते हे सांगता येत नाही. दारू प्यायल्यावर उलट्या, धडधड, लाली आणणारे डायसल्फिराम नावाचे एक औषध असते. ते डॉक्टरांच्या देखरेखीत, रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. नकळत दिले आणि तो प्यायला तर रक्तदाब एकदम उतरून जीव जाऊ शकतो. कितीही वैतागलात तरी हे करू नका.

खासगी केंद्रात ठेवायचे असेल तर आधी विचारा : राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ किती दिवसांनी येतात? घरच्यांना भेटू देतात का? महिन्याचा एकूण खर्च किती? जिथे मारतात, साखळीने बांधतात, महिनोन्महिने भेटू देत नाहीत ते केंद्र नव्हे. साखळीने बांधणे कायद्याने गुन्हा आहे. चांगले केंद्र कसे असते याचा नमुना म्हणजे पुण्यातले मुक्तांगण. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केले. तिथे रुग्णाला माणूस म्हणून वागवतात, बरे झालेलेच पुढे कार्यकर्ते होतात आणि रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे.

घरच्यांनो, तुम्हालाही गट हवा

पिणारा एक असतो, आजारी सगळे घर पडते. बायको त्याच्या खिशावर, त्याच्या तोंडाच्या वासावर, त्याच्या पावलांच्या आवाजावर जगू लागते. मुले सात वाजले की गप्प होतात. अशा घरच्यांसाठी 'अल-अनॉन' नावाचे गट आहेत. एएच्या सभेत त्यांचा पत्ता मिळतो.

घरच्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. प्यायलेल्या माणसाशी वाद घालू नये. बोलायचे ते सकाळी, शुद्धीत असताना बोलावे. त्याचे कर्ज फेडणे, त्याच्यासाठी मालकाला खोटे सांगणे बंद करावे. त्याच्या पिण्याचे परिणाम त्यालाच दिसू द्यावेत. आणि मार खाऊन गप्प बसू नये. आजार हे हात उचलण्याचे कारण होऊ शकत नाही. महिलांची मदतवाहिनी १८१ आहे, पोलिसांचा क्रमांक ११२ आहे. जुलै १९४२ मध्ये नागपुरात भरलेल्या दलित महिलांच्या परिषदेत बाबासाहेबांनी हजारो स्त्रियांपुढे स्वच्छ राहा, दुर्गुणांपासून दूर राहा, मुलांना शिकवा असे सांगितले होते. दारूत गेलेला पैसा आधी मुलांच्याच शिक्षणातून जातो, हे आपण सगळे जाणतो.

दारू पिणाऱ्या स्त्रियाही असतात. त्यांची लाज दुप्पट आणि त्यांना मिळणारी मदत निम्मी असते. हे सगळे त्यांनाही तसेच लागू आहे. त्यांना वेगळी वागणूक देऊ नका.

विहारातच गट सुरू करता येईल का?

येईल. एएची परंपराच सांगते की, दारू सोडू इच्छिणारे दोघे-तिघे नियमाने एकत्र बसले की गट झाला. वस्तीत दारू सोडून वर्ष-दोन वर्षे झालेला एक तरी माणूस असतो. त्याच्यापासून सुरुवात करा. आधी त्याने जवळच्या शहरातल्या सभेत काही महिने बसून रीत शिकावी. विहार समितीने आठवड्यातून एक संध्याकाळ, दीड तास, खोली आणि सतरंजी द्यावी. समितीच्या पदाधिकाऱ्यांनी मात्र आत बसू नये; न पिणारा पंच समोर असला की पिणाऱ्याचे तोंड उघडत नाही. आत ऐकलेले बाहेर सांगायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी भिंतीवर लावा. प्यायलेला आला तर हाकलू नका. त्या दिवशी त्याने फक्त ऐकावे.

सुरुवातीला वर्षावास चांगला. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने. थायलंडमध्ये २००३ पासून या तीन महिन्यांत दारू न पिण्याची मोठी मोहीम चालते आणि वर्षावासाचा पहिला दिवस तिथे दारूमुक्तीचा दिवस म्हणून पाळतात. आपल्याकडे वर्षावासात ग्रंथवाचन होतेच. वाचन संपल्यावर एक तास या गटाला द्या. पुढे १४ एप्रिलच्या मिरवणुकीची व्यवस्था याच माणसांच्या हाती द्या. जयंतीच्या दिवशी दारूची बाटली वस्तीत कशी येते हे त्यांच्याइतके कोणाला कळते?

घसरला तर?

घसरतात. पहिल्या वर्षात पुष्कळ जण घसरतात. पोट रिकामे असताना, रागात, एकटेपणात आणि फार थकल्यावर ओढ जास्त लागते. म्हणून संध्याकाळी वेळेवर जेवा, मोबाइलमध्ये गटातल्या दोघांचे क्रमांक ठेवा आणि ओढ लागली की पिण्याआधी फोन करा, प्यायल्यावर नको. आयुष्यभराची शपथ घेऊ नका. फक्त आजचा दिवस प्यायचे नाही, असे ठरवा. उद्याचे उद्या.

आणि घसरलात तरी विहाराकडे पाठ फिरवू नका. शील घेताना आपण जो शब्द उच्चारतो तो 'सिक्खापद' आहे. शिकण्याची पायरी असा त्याचा अर्थ. शिकणारा चुकतो, पुन्हा घेतो. म्हणून तर आपण शील एकदाच घेऊन थांबत नाही, दर वंदनेला घेतो. संयुत्त निकायात सरकानी नावाच्या शाक्याची गोष्ट येते. तो दारू पीत असे. त्याच्या मृत्यूनंतर बुद्धांनी तो मार्गाला लागलेला होता असे सांगितले, तेव्हा लोक नाराज झाले, दारूड्याला असे कसे म्हणता म्हणून कुरकुरू लागले. बुद्धांनी आपला शब्द मागे घेतला नाही. सरकानीने शेवटी शिक्षा पूर्ण केली होती, एवढेच त्यांनी सांगितले. दारू पिण्याला तिथे माफी नाही. सिगालाला बुद्धांनी दारूचे सहा तोटे सांगितलेच आहेत : पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग होतात, नाव जाते, लाज उरत नाही, बुद्धी क्षीण होते. पण पिणाऱ्या माणसाला त्यांनी टाकले नाही, हे आपण विसरतो.

तेव्हा येत्या रविवारी वंदनेला जाताना दाराबाहेर चपलांपाशी कोणी उभा दिसला, तर त्याला टाळून आत जाऊ नका. त्याला आत बोलवा. वंदना झाल्यावर त्याच्याजवळ बसा, हे पान त्याला वाचून दाखवा आणि विचारा : दादा, वर्ध्याला कधी जायचे? मी येतो सोबत.

जयभीम. नमो बुद्धाय.